किल्लीला हात लावायचा नाही हं!

सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, जांभळाच्या झाडाखाली, आजोबांची पद्मिनी पावसाळ्यांमागून पावसाळे झेलत उभी आहे. टपावर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर. एका रविवारी मिसळ हाणून झाल्यावर कुणाला तरी हुक्की येते, "चल रे, स्टार्ट करून बघू!" उसनी बॅटरी येते, किल्ली फिरते आणि... खट्ट!

बॉस, त्या एका 'खट्ट'पायी अख्खं इंजिन खोलायची वेळ येऊ शकते. म्हणून आजचा खेळ साधा आहे. झोपलेल्या इंजिनाला उठवायच्या सगळ्या युक्त्या, किस्से आणि रेकॉर्ड वाचायचे, पण किल्ली खिशातच ठेवायची. रेडी? सेल्फ नाही, फक्त सेल्फ-कंट्रोल!

नवी कोरी गाडी, थेट समाधीत

माहीत आहे का? अमेरिकेतल्या टल्सा शहराने १५ जून १९५७ रोजी एक कोरी करकरीत प्लायमाउथ बेल्व्हेडेअर जमिनीत पुरली. कोर्टासमोर, काँक्रीटच्या तळघरात. अणुबॉम्ब पडला तरी गाडी शाबूत राहील, असा दावा होता. गाडी २००७ मध्ये बाहेर काढायची होती. तेव्हा पेट्रोल मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून सोबत सुमारे ३८ लिटर पेट्रोल आणि इंजिन ऑइलही ठेवलं. केवढी ही काळजी!

बरोबर ५० वर्षांनी झाकण उघडलं. बॉम्ब पडला नव्हता, पण पाणी शिरलं होतं. सोनेरी-पांढऱ्या गाडीच्या जागी चिखलाने माखलेला, गंजून गेलेला सांगाडा! ते इंजिन काही सुरू झालं नाही.

आणि बक्षीस? २००७ मधली टल्साची लोकसंख्या १९५७ मध्येच ओळखणाऱ्याला ही गाडी मिळणार होती. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा निघाला, तो १९७९ मध्येच वारला होता. गाडी गेली त्याच्या बहिणींकडे. भाऊबीज असावी तर अशी... की नसावी?

प्रेसिडेंटची झाली राणी

माहीत आहे का, पद्मिनी जन्मतः पद्मिनी नव्हतीच? १९६४ मध्ये ती रस्त्यावर आली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून. १९७२ मध्ये झाली 'प्रीमियर प्रेसिडेंट'. मग १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीचं नाव मिळालं आणि ती झाली 'पद्मिनी'. राष्ट्राध्यक्षपद सोडून थेट राजघराण्यात एंट्री!

राणीचं माहेर मात्र कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकएवढं. आणि तिच्या आधीची १९५४ ची गोलमटोल फियाट आठवते? तिला आपल्या लोकांनी प्रेमाने नाव दिलं 'डुक्कर फियाट'. एकाच घरात राणी आणि डुक्कर!

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतपणे हद्दपार झाली. टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची. कोपऱ्यातल्या आजोबांच्या गाडीला मात्र कसली मर्यादा नाही. फक्त गंजाची!

पेट्रोलपण शिळं होतं?

होय मंडळी, भातासारखंच. पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग आधी उडून जातो. उरलेला भाग हवेशी संगत करून चिकट होतो. काही महिन्यांत पेट्रोल 'उतरायला' लागतं. काही वर्षांत तर ते पेट्रोल राहतच नाही.

ओळखायचं कसं? नाकाने! ताज्या पेट्रोलचा झणझणीत वास येतो. शिळ्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस, कुबट दर्प येतो. कार्बोरेटरचं झाकण उघडून पाहा. तळाच्या वाटीत पेट्रोल नसतंच, असतो गुळाच्या पाकासारखा पिवळट-तपकिरी थर. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो. हा पाक इंजिनाला पाजणार?

त्यात नवा ट्विस्ट इथेनॉलचा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना फुगवतं, चिरा पाडतं. म्हणून जुनी टाकी पूर्ण रिकामी करायची, नळ्या नव्या टाकायच्या. जुन्यात थोडं नवं पेट्रोल ओतून 'ॲडजस्ट' करायचं नाही. ही आमटी नाही!

टोपीची पिन, पहिला टूलकिट

पेट्रोलची नळी तुंबणं हे दुखणं किती जुनं आहे, माहीत आहे का? थेट १८८८ चं! त्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार काढली, दोन पोरांना घेतलं आणि मानहाइमहून माहेरी फोर्टझाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटर! वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची पिन काढली, नळी साफ केली, पुढे चालू. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणजे केमिस्ट!

पण थांबा, तुम्ही पिन घेऊ नका. कार्बोरेटरच्या जेटचं भोक एक-दीड मिलिमीटरचं, कधी त्याहून बारीक. तार किंवा सुई घातली की ते मोठं होतं आणि गाडी पेट्रोल 'प्यायला' लागते. जेट साफ करायचा तो कार्ब क्लीनरने आणि हवेच्या फवाऱ्याने.

बाप्पाचं वाहन तुमच्या वाहनात

बॉनेट उघडलं की पहिला भाडेकरू कोण? उंदीरमामा! एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, चिंध्या, शेंगांची टरफलं अशी फर्निश्ड खोली सापडणं ही मेस्त्रींसाठी रोजची गोष्ट. कधी सायलेन्सरच्या नळकांड्यात बारदान भरलेलं, कधी वायरीचं वरचं कव्हर सोललेलं.

गंमत वाटते ना? उघड्या वायरी एकमेकींना टेकल्या की पहिल्याच किल्लीला धूर. म्हणून बॅटरी जोडायच्या आधी सगळ्या वायरींवरून बोटं फिरवायची, फिल्टरचा डबा उघडायचा, सायलेन्सरमध्ये टॉर्च मारायचा. बाप्पाला नमस्कार, वाहनाला निरोप!

चार चमच्यांचा प्रसाद

आता येतो पिक्चरचा मेन सीन. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात तेल खाली ओघळून चेंबरमध्ये जमतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. दमट हवेत पिस्टनच्या रिंगा तिथेच गंजून चिकटतात. अशा वेळी सेल्फ मारला तर? कोरड्या घशात चकली अडकल्यासारखं!

उपाय फार स्वस्त आहे. चारही प्लग काढा. आधी वायरींवर १, २, ३, ४ असे नंबर टाका, मोबाइलवर फोटो काढा. प्लगच्या भोकांभोवतीची माती फुंकून साफ करा, नाहीतर ती आत पडेल. मग प्रत्येक भोकात साधारण एक मोठा चमचा इंजिन ऑइल. आणि मग? काही नाही. घरी जा. चहा प्या. एक-दोन दिवस तेलाला मुरू द्या, लोणच्यासारखं.

त्यानंतर क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलकेच फिरवायचं. किंवा सपाट जागेवर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून चार बोटं पुढे ढकलायची. ब्रेकवर भरवसा नाही, म्हणून एक जण हातात वीट घेऊन चाकाशी उभा. सगळ्यांची नजर पंख्यावर. पातं इंचभर सरकलं? मग "सरकलं रे!" अशी आरोळी! नाही सरकलं? जोर लावायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा चहा. या खेळात हट्टी माणूस हरतो, आळशी जिंकतो.

चाळिसाव्या वेळी पास!

गंज लागला की सगळे निळा-पिवळा डबा शोधतात. माहीत आहे का, डब्ल्यूडी-४० मधला ४० कशाचा? १९५३ मध्ये सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीत रॉकेटच्या पत्र्यावरून पाणी हटवणारं रसायन बनवत होते. चाळिसावा फॉर्म्युला जमला. म्हणून नावात 'डब्ल्यूडी', म्हणजे 'पाणी हटवणे', आणि ४०! पहिल्याच अटेम्प्टला पास झाले असते, तर डब्यावर एक आकडा असता.

पण लक्षात ठेवा, हा पाणी पळवणारा आहे, इंजिनाचं तेल नाही. नटबोल्ट सोडवायला फर्स्ट क्लास, सिलिंडरमध्ये इंजिन ऑइलच्या जागी नापास.

अंगठा सांभाळा!

अँबॅसेडरला समोरून हँडल मारलंय कधी? मग जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऐकला असेलच. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल हातातून सुटून जायला हवं. नाहीतर अंगठा किंवा मनगट कामातून जातं.

या झटक्यांनी जगभर इतके हात मोडले की १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ-स्टार्टर गाडीत बसवूनच विकला. म्हणजे सेल्फचा जन्म आळसातून नाही, प्लॅस्टरातून झाला!

पट्टी ओढा, वास घ्या

इंजिनाचं आरोग्य कुठे कळतं? ऑइलच्या पट्टीवर. ओढा, फडक्यावर पुसा, पुन्हा बुडवा, पुन्हा ओढा आणि आता नाकाशी धरा. पेट्रोलचा वास येतोय? म्हणजे पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये झिरपलंय. तेल कॉफीसारखं दुधाळ दिसतंय? म्हणजे पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केट गेलंय. दोन्हींत आधी दुखणं शोधायचं.

बरं, सगळं छान दिसलं तरी ऑइल आणि फिल्टर नवेच टाकायचे. जुन्या तेलात ओलावा आणि आम्ल साचलेलं असतं. वर्षानुवर्षं न बदललेलं तळणीचं तेल दिवाळीला चालतं का? मग!

१८५९ चं मॉडेल

गाडीतली सगळ्यांत 'व्हिंटेज' वस्तू कोणती? बॅटरी! शिशाची रिचार्ज होणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लँटेने १८५९ मध्ये बनवली. मोटारीच्याही आधी! आजही तेच तत्त्व, फक्त डबा प्लॅस्टिकचा.

सेल्फ मारताना ही बाई शंभराहून जास्त अँपिअर ओढून देते. घरातला गिझरचा प्लग सोळाचा असतो. आता हिशेब करा! म्हणून घड्याळ, अंगठी, कडं आधी काढायचं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणून जंपर केबलचा शेवटचा चिमटा बॅटरीवर लावायचा नाही, लांब, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावायचा. ठिणगी पडलीच, तर ती गॅसपासून दूर पडेल.

बोनस धक्का: जुन्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत 'पॉझिटिव्ह'ला अर्थिंग असतं! नेहमीच्या सवयीने जोडलं की पुढचा शो फटाक्यांचा.

१-३-४-२, हा पिनकोड नाही

बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम असतो १-३-४-२. दोन प्लग वायरींची अदलाबदल झाली की इंजिन शिंकतं, खोकतं, कार्बोरेटरमधून आगीचा भपका टाकतं. म्हणून मघाचे ते नंबर!

माहीत आहे का, इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला ५०० वेळा ठिणगी टाकतो? चौघांच्या मिळून २,०००! बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते. आणि हा सगळा डोलारा उभा असतो डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन चिमुकल्या 'पॉइंट'वर. वर्षभर उभं राहून त्यांच्यावर पांढुरकी बुरशी बसते. बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासले, फडक्याने पुसले की अर्धी बंद पडलेली गाडी बोलायला लागते.

ज्याने शिसं घातलं...

जुन्या इंजिनांना पेट्रोलमधल्या शिशाची सवय होती. ते व्हॉल्व्हच्या बैठकीवर उशीसारखं बसायचं. हे शिसं पेट्रोलमध्ये घालायची आयडिया १९२१ ची, थॉमस मिजलीची. पुढे त्याच साहेबांनी फ्रिजमधला सीएफसी गॅसही दिला. एकाने हवा विषारी झाली, दुसऱ्याने ओझोनला भोक पडलं. आणि शेवट? पोलिओने अंथरुणाला खिळल्यावर उठबस करण्यासाठी त्याने दोऱ्या-कप्प्यांचं यंत्र बनवलं, १९४४ मध्ये त्यातच अडकून तो गेला.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. फुप्फुसांना सुटका! जुन्या गाडीने मात्र दामटून पळू नये. व्हॉल्व्हची बैठक झिजते.

३७ वर्षांनी मारलेला सेल्फ

क्लासिक गाडी म्हणता? हे ऐका! १९७७ मध्ये उडालेल्या व्हॉयेजर-१ यानाचे चार छोटे थ्रस्टर १९८० नंतर बंदच होते. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी 'नासा'ने ते पुन्हा पेटवले. अंतर २,१०० कोटी किलोमीटर! तिथे ना गॅरेज, ना धक्का मारायला चाळीतली पोरं. जमलं का, हे कळायलाच १९ तास ३५ मिनिटं लागली. जमलं होतं!

सिक्रेट काय? बटण दाबायच्या आधी इंजिनिअरांनी जुने दस्तऐवज आणि जुन्या भाषेतला कोड काढून वाचला होता. थोडक्यात, आधी मॅन्युअल, मग किल्ली. आपल्याकडेही उदाहरण आहे. १८५५ चं 'फेअरी क्वीन' वाफेचं इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झालं आणि १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावलं. ८८ वर्षांची डुलकी!

बरं बाबा, आता घ्या किल्ली

नवं ऑइल, नवं पेट्रोल, नवं कुलंट, साफ कार्बोरेटर. गाडी उघड्यावर, गॅरेजात मुळीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंद जागेत तो माणसाला झोपवतो आणि उठू देत नाही. हाताशी आग विझवणारं पावडरचं सिलिंडर. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर कामाची नाही.

पहिला राउंड प्लगशिवाय आणि कॉइलची वायर काढून. भोकांवर फडकं टाका आणि बाजूला उभे राहा, कारण मुरलेलं तेल कारंज्यासारखं उडतं. नवा शर्ट घालून आलेल्या चुलतभावाला पुढे उभं करायचं की नाही, हे तुमच्या नात्यावर! दहा सेकंद सेल्फ, मग थोडी विश्रांती. असं करत तेल वरपर्यंत चढू द्या.

मग प्लग लावा, चोक ओढा, किल्ली फिरवा. कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतायची हिरोगिरी बंद. भपका आला की भुवया जातात. इंजिन फुरफुरलं की लगेच रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर ताबडतोब बंद. विझला? टाळ्या!

चालली, पण थांबेल का?

इंजिन सुरू झालं म्हणजे लगेच चक्कर नाही हं. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा पितं आणि चाकांतले ब्रेक सिलिंडर आतून गंजतात. पॅडल दाबलं की थेट फरशीला. आणि टायर? बाजूला चार आकडी नंबर पाहा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. टायरचीही जन्मपत्रिका असते! नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

हिला मिळते वेगळी पाटी

माहीत आहे का, ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नोंदणी फी २०,००० रुपये, वैधता दहा वर्षं. मात्र तिने रोज ऑफिसला जायचं नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, असं मोजकंच. अगदी रिटायर्ड आजोबांचं रुटीन!

आणि रेकॉर्ड जातो...

आता शेवटचा सिक्सर. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ मध्ये लाल व्होल्वो पी१८०० घेतली. २०१३ मध्ये तिने ३० लाख मैल गाठले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर! चंद्रावर सहा वेळा जाऊन परत यावं एवढं. गिनीज बुकात नाव. जादू काय? वेळच्या वेळी ऑइल आणि रोजची रपेट.

तिकडे टल्साची गाडी जपून ठेवली, ती सडली. इकडे ही दामटली, ती टिकली. इंजिनाला काम मारत नाही, आराम मारतो.

तेव्हा मंडळी, या रविवारी मांजराला उठवा, ताडपत्री काढा, प्लग खोला, चार चमचे तेल घाला. किल्ली मात्र आईकडे ठेवायला द्या. मेस्त्री "हां, आता मारा सेल्फ" म्हणेपर्यंत परत मागायची नाही.